आठवतंय तोवर

रियेका, ३ ऑक्टोबर

मार्चेला,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते न उघडताच टाकणार होतीस, मला माहीत आहे. उघडलंस ना? मग आता शेवटपर्यंत वाच.

विशेष काही नाही. सहज लिहितेय. मी चौऱ्याहत्तरची झाले, म्हणजे तू सत्तरची. सत्तरीनंतर माणसाने काही गोष्टी मनावर घ्याव्यात, एवढंच सांगायचं होतं. रोज चालतेस का? तुमच्याकडे गोथेनबर्गला ट्राम दारात येते म्हणून विचारलं. रक्तदाब शेवटचा कधी मोजलास? रात्री नीट झोप लागते? दिवसभरात मिर्ता सोडून आणखी कुणाशी बोलतेस? नुसतं 'नमस्कार, बरं आहे' नव्हे. मला म्हणायचंय ते बोलणं, ज्यात भांडण होतं, हसू येतं. लेकीबरोबरचं बोलणं मी धरत नाही.

शाळेतली व्यायामशिक्षिकेची नोकरी सुटली तरी माझी शिट्टी काही सुटली नाही. रोज सकाळी साडेसातला बागेत चौदा म्हातारी माणसं येतात आणि मी त्यांच्याकडून व्यायाम करून घेते. त्यातला एक फेरुचो, बंदरात क्रेन चालवायचा, आता एक्याऐंशीचा आहे. तो म्हणतो, "बाई, तुमच्यापेक्षा आमचा मुकादम बरा होता, निदान जेवायला सोडायचा." पण येतो. पाऊस असला तरी येतो. त्यानंतर मी त्र्साटच्या टेकडीच्या पायऱ्या चढते, पाचशे एकसष्टच्या पाचशे एकसष्ट. दात घासताना एका पायावर उभी राहते. संध्याकाळी ताटात पालेभाजी, बटाटा, सार्डिन. माझा झ्वोंको गेल्यापासून एकटीसाठीही ताट वाढून घेते, उभ्याने खात नाही.

फोन करणार होते, पण तुमच्याकडच्या लाइनी खराब असतात, अर्धे शब्द समुद्रातच पडतात.

आईच्या अंत्यविधीच्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नाही. तूही लिहू नकोस. रक्तदाब मात्र कळव.

ओंदिना

रियेका, २१ ऑक्टोबर

मार्चेला,

उत्तर आलं! चारच ओळी, आणि चारही टोचणाऱ्या. "आठ वर्षांनी तुला माझ्या रक्तदाबाची आठवण झाली? तुला नक्की काय हवंय?" काही नको मला. बहिणीने बहिणीला चालतेस का म्हणून विचारलं, तर त्यात काहीतरी हवंच असतं का?

आज दक्षिणेचा वारा सुटलाय, आपला युगो. तुला ठाऊकच आहे, तो सुटला की या गावात कुणालाच एका जागी बसवत नाही. हे पत्र मी सकाळपासून तिसऱ्यांदा हातात घेतेय. मध्येच उठून खिडक्या पुसल्या. कालही पुसल्या होत्या.

काल बागेत एक गोष्ट घडली. हात वर, डावा पाय मागे, मग टाळी, इतका सोपा क्रम. फेरुचो परत परत टाळी आधी वाजवायचा. मी म्हटलं, "फेरुचो, अकरा वर्षं हेच करतोय आपण, लक्ष कुठे आहे तुमचं?" त्याने पुन्हा चूक केली. मग मी त्याला पुढे बोलावलं, सगळ्यांसमोर, एकट्याने करून दाखवा म्हटलं. शाळेत करायचे तसं. तो आला आणि नुसता उभा राहिला, टोपी हातात धरून. माझ्याकडे असं बघितलं की मला तिथून पळून जावंसं वाटलं. शिट्टी वाजवून वर्गच सोडला मी. आज तो आला नाही.

हे तुला का सांगतेय, माहीत नाही. घरात दुसरं कुणी नाही म्हणून असेल.

बरं, तुझं सांग. वाचनालयात अजून जातेस का मदतीला? ट्रामने जातेस की चालत? एकटीच जातेस? परत येताना कुणी बरोबर असतं? गॅसवर काही ठेवलं की तिथेच उभी राहत जा, हे मी सगळ्यांनाच सांगते.

ओंदिना

रियेका, ९ नोव्हेंबर

मार्चेला,

ओळखलंस तर. गॅसचं लिहायला नको होतं मी. लिहिताना हात थांबला होता, तरी लिहिलं.

हो, मिर्ताने मला फोन केला होता. ऑगस्टच्या शेवटी. पोरीला बोलू नकोस, तिने माझ्याकडून शपथ घेतली होती आणि ती मोडली मी. तिने सांगितलं की दोनदा भांडं जळलं. बावीस वर्षं ज्या वाचनालयात काम केलंस, तिथून घरी येताना तू ट्राम डेपोपर्यंत बसून राहिलीस आणि चालकाने उतरवलं तेव्हा तुला घरचा पत्ता सांगता येईना. डॉक्टरचं नाव काढलं की तू दार लावून घेतेस. "मावशी, तूच सांग तिला," म्हणाली, "ती माझं ऐकत नाही." मी म्हटलं, माझं ती कधीपासून ऐकायला लागली? पण फोन ठेवल्यावर घरात चकरा मारत राहिले. पाच आठवडे मारल्या. मग पहिलं पत्र लिहिलं, आणि 'सहज' असा शब्द घातला.

तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळी मात्र मला वाचवेनात. "मला आईचा आजार झाला असेल तर असेल. पण तसं झालं तर तू मला हात लावायचा नाहीस. आईचं मनगट मी पाहिलं होतं."

मनगटाचं तुला तेव्हाच सांगितलं होतं. आई पलंगावरून पडली होती. म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ असते, जरा लागलं तरी काळंनिळं होतं. कुणालाही विचार.

तू डॉक्टरकडे जा. एवढंच म्हणायचंय.

ओंदिना

रियेका, १२ नोव्हेंबर

मार्चेला,

आई पडली नव्हती.

आधीचं पत्र पेटीत टाकलं आणि पेटीपाशीच उभी राहिले. परत काढता आलं असतं तर काढलं असतं. तीन दिवस धड जेवले नाही. आता सांगते ते एका दमात सांगते, मध्ये उठणार नाही.

तुला आठवत असेल, आईला आजार आहे हे कळल्यावर मी म्हटलं होतं, मी तिला सोडवीन यातून. मला खरंच तसं वाटत होतं. छत्तीस वर्षं लटपटत्या पायांच्या मुली माझ्याकडे आल्या आणि उड्या मारत गेल्या. म्हटलं, डोकंही तसंच असणार, सराव हवा. मी तिचं वेळापत्रक केलं. सकाळी चालणं, मग हातापायांचे व्यायाम, मग प्रश्न. आज वार कोणता? नातीचं नाव काय? महिना? चुकलं की पुन्हा. ती रडायला लागली की मी म्हणायचे, रडून काय होणार, पुन्हा. ती चोरून मोलकरणीला विचारून ठेवायची, "आज वार कोणता गं? ती विचारेल."

फेब्रुवारीत एका दुपारी ती स्वयंपाकघरात खाली बसली आणि उठेना. मी सांगितलं, विनवलं, ओरडले. मग मनगट धरून ओढलं. ती मागे ओढायला लागली, मी सोडलं नाही, पिरगळलं. मुद्दाम, मार्चेला. तिला दुखावं म्हणून. एक क्षणभरच, पण तो क्षण मला स्पष्ट आठवतो. आणि ती माझ्याकडे वर बघत म्हणाली, "बाई, मला घरी जाऊ द्या ना."

मला बाई म्हणाली. तिच्या लेखी मी शाळेतली कुणीतरी बाई होते.

चौथ्या दिवशी तू आलीस, मनगट पाहिलंस, विचारलंस. मी म्हटलं, पडली. वर म्हटलं, वर्षातून दोनदा पाहुणी म्हणून येतेस, मला शिकवू नकोस. अंत्यविधीच्या वेळी कबरीपाशी तू नुसतं "मला माहीत आहे" म्हणालीस आणि मी तुला चारचौघांत निघून जा म्हटलं.

त्या फेब्रुवारीनंतर सहाच महिन्यांनी मी तिला वृद्धाश्रमात ठेवलं होतं. लोकांना सांगितलं, माझी कंबर गेली. खरं म्हणजे मला माझीच भीती वाटायला लागली होती.

रोज पाचशे एकसष्ट पायऱ्या मी कशासाठी चढते, ते आता तुला कळलं असेल. विसरण्याची भीती वाटतेच. पण त्याहून मोठी भीती ही, की मी विसरले तर माझ्यासारखीच कुणीतरी माझ्या वाट्याला येईल.

उत्तर देऊ नकोस, चालेल. डॉक्टरकडे मात्र जा.

ओंदिना

रियेका, ६ डिसेंबर

मार्चेला,

तीन आठवडे रोज तीनदा खाली पेटीपर्यंत जात होते. शेजारीण म्हणाली, "काय हो, पेन्शन हरवलं का?" पायऱ्या दिवसातून दोनदा चढायला लागले, शेवटी गुडघा सुजला आणि डॉक्टरने दम दिला, आठवडाभर घरात बसा. घरात बसणं म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगावं!

सुजलेला गुडघा घेऊनच फेरुचोच्या घरी गेले. दार त्याने उघडलं. मी म्हटलं, "माझं चुकलं. त्या दिवशी तुम्हाला पुढे बोलवायला नको होतं." तो म्हणाला, "बाई, माझी बायको दवाखान्यात होती, माझं लक्ष तिच्याकडे होतं. विचारलं असतंत तर सांगितलं असतं." मग कॉफी केली. त्याची बायको आता बरी आहे. सोमवारी तो बागेत आला, टाळी वेळेवर वाजवली आणि माझ्याकडे बघून दुसऱ्यांदा मुद्दाम चुकीची वाजवली.

आज तुझं कार्ड आलं. वाचून आधी बसले, मग चिडले. मनगटाबद्दल एक शब्द नाही. एवढंच, "मी डॉक्टरकडे जाईन. पण आधी तू कान तपासून घे. मिर्ता म्हणते, तू फोनवर अर्धं ऐकत नाहीस आणि मनाला येईल ते उत्तर देतेस. तिने माझ्याबद्दल सांगितलं, 'आईची भूक गेलीय', आणि तू म्हणालीस, छान, फिरून येऊ दे."

माझे कान? माझे कान ठणठणीत आहेत! हे मी दुपारी फेरुचोला ऐकवलं तर तो म्हणाला, "बाई, तुम्ही बागेत आकडे मोजता ते बंदरात जहाजावर ऐकू जातात. तुम्हाला काय वाटलं, आम्ही बहिरे आहोत?"

मार्चेला, लाइनी खराब नसतात. चार वर्षं झाली, मलाच कमी ऐकू येतं, हे मला माहीत आहे. दवाखान्यातून एक पत्रक आणलं होतं, म्हातारपणी डोकं शाबूत ठेवायला काय काय करावं त्याचं. त्यात चालणं होतं, रक्तदाब होता, साखर होती, माणसांत मिसळणं होतं, आणि ऐकू कमी येत असेल तर यंत्र लावा, हेही होतं. बाकी सगळं मी बागेत पाठ करून घेतलं. कानांची ओळ मी कुणालाच वाचून दाखवली नाही. पायांनी मी पन्नाशीची दिसते. कानामागे यंत्र आलं की संपलं.

ठीक आहे. गुरुवारची वेळ घेतली आहे. आता तुझी पाळी.

ओंदिना

रियेका, १९ जानेवारी

मार्चेला,

यंत्रं मिळाली, दोन्ही कानांना. पहिला दिवस भयंकर होता. फ्रीज इतका आवाज करतो? माझ्या चपला इतक्या घासतात? सीगल पक्षी तर डोक्यात बसून ओरडतायत असं वाटत होतं. काढून टाकणार होते, पण तुला शब्द दिला होता.

बागेत आणखी मजा. इतकी वर्षं फेरुचो मागच्या रांगेत काय पुटपुटतो ते पहिल्यांदा ऐकलं. "गुडघा वर, गुडघा वर! म्हणूनच बिचारा नवरा लवकर वर गेला." मी वळून म्हटलं, "ऐकलं मी." मग मलाच इतकं हसू आलं की शिट्टी वाजेना. झ्वोंकोही हसला असता.

काल मिर्ताचा फोन आला. तिचा शब्द न् शब्द ऐकू आला. तिचं मधेच थांबणंही ऐकू आलं, जे आजवर मला कधी ऐकू गेलं नव्हतं. आजाराची सुरुवात आहे, म्हणाली. डॉक्टरने तुला सांगितलं तेव्हा तू विचारलंस, "म्हणजे आईसारखं?" आणि तो म्हणाला, प्रत्येकाचं वेगळं असतं. हे मागे फिरत नाही. चालत राहिलं, रक्तदाब ताब्यात ठेवला, माणसांत राहिलं तर काहींना बरे दिवस जास्त मिळतात, पण वचन कुणी देऊ शकत नाही.

फोन ठेवल्यावर तुझ्यासाठी व्यायामाची दोन पानं लिहून काढली. आठवड्याचं वेळापत्रक, तासांसकट. सकाळी ती वाचली आणि फाडली. अक्षरही तेच होतं, रकानेही तेच, जे मी आईसाठी केले होते.

तू पत्रात विचारलंयस, "आईचं कसं सुरू झालं ते खरं सांग. मिर्ता माझ्याशी आता हळू आवाजात बोलते." तर ऐक. सुरुवातीला ती चुका विनोदात लपवायची आणि आम्ही हसायचो. मग नावं गेली, मग रस्ते. पण सगळ्यात वाईट काळ मधला होता, जेव्हा तिला कळत होतं आणि मी तिची परीक्षा घेत होते. शेवटची दोन वर्षं आश्रमात ती शांत होती. तिथली एक मुलगी तिच्याबरोबर जुनी गाणी म्हणायची, बागेत हात धरून चालायची, काही विचारायची नाही. आई तिच्याकडे बघून जशी हसायची तशी माझ्याकडे बघून हसली नाही. मला त्या मुलीचा हेवा वाटायचा. ती कुणी जादूगार नव्हती गं. मलाही तसं करता आलं असतं.

आता तू सांग, तुला काय हवंय. मी यावेळी विचारतेय, सांगत नाहीये.

ओंदिना

गोथेनबर्ग, १७ एप्रिल

मार्चेला,

तू समोरच बसली आहेस, संत्रं सोलतेयस, आणि तरी मी तुला पत्र लिहितेय. कारण तू म्हणालीस, "लिहून ठेव. मी नंतर म्हणेन की असं काही ठरलंच नव्हतं, तेव्हा हे माझ्या हातात दे." तर तू पुढे कधी वाचशील तेव्हासाठी हे लिहितेय.

मार्चमध्ये तू लिहिलंस, "ये. पण शिट्टी घरी ठेवून ये." मी आले. जूनअखेरपर्यंत आहे, मग तू माझ्याबरोबर रियेकाला येशील आणि थंडीच्या आधी परत. मिर्ताला हे मान्य आहे. ती रडली, पण मान्य आहे.

आपण रोज चालायचं. रस्ता तू ठरवायचा, वेगही तूच. थांबावंसं वाटलं की थांबायचं, आणि मी घड्याळ बघायचं नाही. मंगळवारी तुझ्या वाचनालयातल्या बायका येतील, त्या दिवशी आपण फिरायला जायचं नाही, त्यांच्याशी भांडायचं. गोळ्या मिर्ता काढून ठेवेल. मी तुला वार विचारायचा नाही, महिना विचारायचा नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. इथे तू मध्येच म्हणालीस, "आणि मी नको म्हटलं की?" मी म्हटलं, मी खोलीबाहेर जाईन. "आणि मी उठलेच नाही तर?" मी म्हटलं, तर मी खाली तुझ्याशेजारी बसेन. तू म्हणालीस, "तुझा गुडघा?" मी म्हटलं, मग दोघींना उठवायला मिर्ताला बोलावू. तू संत्र्याची एक फोड माझ्यापुढे ठेवलीस. मग म्हणालीस, "हे लिही. शब्दाला शब्द लिही." लिहिलं.

कालचंही लिहायला सांगितलंयस. तळ्याभोवती फिरताना आपण वाट चुकलो. मला इथली भाषा येत नाही, तुला येते. तू कुत्रा घेऊन चाललेल्या एका माणसाला विचारलंस, त्याने नीट सांगितलं, आणि दुसऱ्या वळणापाशी तुला ते आठवेना. मग एका बाईला विचारलंस, पुढे आणखी एकाला. वळणं मोजायचं काम मी घेतलं, विचारायचं तू. दोन तास उशिरा घरी पोचलो. मिर्ता खिडकीत पांढरीफटक होऊन उभी होती. तू तिला म्हणालीस, "घाबरतेस काय? दोघी मिळून एक धड माणूस होतो आम्ही." जिन्यात बसून आपण इतक्या हसलो की वरचा म्हातारा दार उघडून बघून गेला.

मला वाटलं होतं, एवढंच. सही करणार होते. पण तू संत्र्याची साल बाजूला सारलीस आणि म्हणालीस, "आईच्या मनगटाचं राहिलं."

मी म्हटलं, त्याचं काय लिहू?

तू म्हणालीस, "एक दिवस मी ते विसरेन. त्या दिवशी तू मनात म्हणशील, बरं झालं, सुटले. तसं चालणार नाही. मी विसरले म्हणजे माफ केलं असं होत नाही."

हातातलं पेन तसंच धरलं होतं.

"म्हणून आत्ता सांगते," तू म्हणालीस. "आत्ता मला सगळं आठवतंय. तो काळानिळा डाग आठवतोय, तू खोटं बोललीस ते आठवतंय, कबरीपाशी मला हाकललंस ते आठवतंय. सगळं आठवत असताना मी तुला माफ करतेय. लिही ते. आणि खाली मला सही करू दे."

लिहिलं, मार्चेला. सही इथे कर.